परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : अभ्यासकांना आधी भाषा शिकवा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

मी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवतो. तुम्ही जेएनयूतून याच विषयात पीएचडी केलीत, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही.

परराष्ट्र सेवेत रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याला एक परकीय भाषा शिकावीच लागते, तीही सरकारी खर्चाने. तुम्ही स्वतः मॉस्कोत असताना रशियन शिकलात. विद्यापीठात मात्र चीनवर प्रबंध लिहिणाऱ्याला चिनी वर्तमानपत्र वाचता आलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. तो इंग्रजी लेख वाचतो, त्यांच्याच तळटिपा उचलतो. बीजिंगबद्दल आपल्याला पडणारे प्रश्नसुद्धा मग वॉशिंग्टनने ठरवलेले असतात.

सुरुवात अशी नव्हती. पंडित हृदयनाथ कुंझरू आणि ए. अप्पादोराय यांच्या पुढाकाराने १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. ज्या प्रदेशाचा अभ्यास करायचा त्याची भाषा शिकायची, तिथे जाऊन राहायचं, अशी तिथली धारणा होती. १९७० मध्ये ते जेएनयूत विलीन झालं.

आमच्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, रशियन शिकवतात आणि विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. मधलं अंतर रिक्षाने फार नाही, पण भाषा शिकलेली मुलं कंपन्यांत जातात आणि सामरिकशास्त्रवाली यूपीएससीच्या मागे लागतात. (त्यांना दोष कसा देऊ? पोट सगळ्यांनाच आहे.)

सप्रू हाऊस आजही इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सकडे आहे आणि ती संस्था तुमच्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. तिच्यामार्फत राज्य विद्यापीठांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू करा : एक वर्ष भाषेचं, त्यानंतर सहा महिने त्या देशात मुक्काम. तिथल्या अभिलेखागाराचं दार उघडायला आपल्या दूतावासाचं एक पत्र मिळालं, तरी अर्धं काम होतं. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या समित्यांना यातलं काही सुचणार नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे.

सुरुवात शेजाऱ्यांपासून व्हावी. चिनीचे वर्ग शोधले तर सापडतात. बर्मी किंवा सिंहली शिकायची, तर सोलापूरच्या मुलीने जायचं कुठे?

कळावे,
आपला,
एक प्राध्यापक, पुणे