वर काय लावलंय, काका?

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीकडे नाशिकला गेलात त्याला सहा महिने होत आले आणि मी अजून तुमचे धड आभार मानलेले नाहीत. फोनवर मानायला जावं तर तुम्ही "बरं बरं, बडोद्यात पाऊस काय म्हणतो?" करून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आता बदला विषय.

चारचौघांना एवढंच सांगते की काका आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या तळमजल्यावर राहायचे. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून सुतार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या आणि आम्ही पुण्याचं बिऱ्हाड उचलून वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा घरात आधीच दोन पिढ्यांचं सामान होतं. त्यात आमचं टेम्पोभर आलं. काहीतरी जाणं भागच होतं. भंगारवाल्याला बोलावलं. तो झोपाळ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "लाकडाचं काही नाही मिळणार बेन, कड्यांचं वजनावर देईन." पितळी कड्यांवर त्याचा हात ज्या मायेनं फिरत होता ते पाहून मी त्याला फक्त रद्दी दिली नि वाटेला लावलं.

पण झोपाळा दिसत होता भयाण. काळपट, चिकट, चहाच्या कपांची वर्तुळं उठलेली. मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटत होते आणि तुम्ही पेपर मागायला वर आलात. दारातूनच विचारलंत, "सूनबाई, त्याच्यावर आधी काय लावलंय?"

मला वाटलं, तुम्ही रंगाचं विचारताय. मी म्हटलं, "पांढरा लावणार आहे." तुम्ही म्हणालात, "लावणार ते नाही. लावलंय काय?"

मला कुठे माहीत! तुम्ही खाली जाऊन स्पिरिटची बाटली घेऊन आलात. झोपाळ्याच्या पाटाखाली, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्यानं दोन थेंब लावलेत आणि मला म्हणालात, बोट लाव. बोट चिकटलं. "लाख आहे. चपड्याचं पॉलिश. पन्नास वर्षं झाली तरी स्पिरिट लागलं की विरघळतं. म्हणजे खरवडायचं कारण नाही, आहे तेच पुन्हा बसवता येतं." पांढऱ्या रंगाचा डबा तुम्हीच झाकण ठोकून बंद केलात. तो पुढे गच्चीच्या दाराला लागला. वाया गेला नाही, एवढं नोंदवून ठेवते, कारण ह्यांनी अजून तो विषय सोडलेला नाही.

त्या दुपारी कळलं की कपाची पांढरी वर्तुळं नुसती वरवरची असतात, लाखेच्या थरात ओल अडकलेली. स्पिरिटनं जेमतेम ओलावलेला बोळा त्यावरून हलक्या हातानं झरझर नेला की ती डोळ्यांदेखत जातात. काळं वर्तुळ निघत नाही. ते लोखंडाचं, सागाच्या आत उतरलेलं. उजव्या कोपऱ्यातलं अडकित्त्याचं काळं अजून तसंच आहे.

मग चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. मांडवीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून शंभर ग्रॅम चपडा आणि अर्धा लिटर स्पिरिट आणायचं, काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवायचं, सकाळी मलमलीतून गाळायचं. कापसाची गुंडी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात बांधायची. तिच्यातून पॉलिश गळता कामा नये, नुसतं पाझरलं पाहिजे. हात लाकडाच्या रेषेबरोबर न्यायचा आणि मध्ये थांबायचा नाही, थांबलात तर गुंडी तिथेच चिकटते. हे शेवटचं तुम्ही चारदा सांगितलंत आणि चारही वेळा माझी गुंडी चिकटली. बाटली देव्हाऱ्यापासून लांब ठेवायची हेही सांगितलंत. त्याआधी मी ती नेमकी निरांजनाशेजारी ठेवली होती.

आणि हेही सांगितलं होतंत की श्रावण उलटू दे. मी ऐकलं नाही. गणपतीत पाहुणे यायचे होते, झोपाळा तोवर चकचकीत हवा होता. भर पावसात तीन हात मारले आणि संध्याकाळी बघते तर सगळ्या पाटावर दुधी ढग. स्पिरिट उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि पॉलिश पांढरं पडतं. हे मला तुम्ही नंतर समजावलंत. आधी फक्त एवढंच म्हणालात, "गणपतीला सतरंजी टाक त्यावर." टाकली. दसऱ्यानंतर कोरड्या हवेत पुन्हा स्पिरिटचा हात फिरवला, ढग गेले, नवे चार थर चढले. तुम्ही जिना चढून आलात, बसलात, एक झोका घेतलात आणि म्हणालात, "करकरतोय. वरच्या कडीला तेल घाल." शाबासकी ती एवढीच.

आता माझ्या पापाबद्दल. ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, मीच सांगते. झोपाळ्यानं हातात वारं शिरलं होतं. सासूबाईंच्या लग्नातल्या दोन संखेडा खुर्च्या मळकट दिसत होत्या. तुम्ही घरी नव्हता. मी तोच बोळा, तेच स्पिरिट घेतलं आणि एका पायाच्या सोनेरी वेलबुट्टीवर घासलं. सोनेरी नक्षी रुपेरी झाली. आणखी घासलं तर तीही बोळ्यावर आली. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

संध्याकाळी तुम्ही खुर्ची उलटीपालटी करून पाहिलीत. संखेड्याच्या कामात सोनं नसतंच, तुम्ही म्हणालात. खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, कथलाचा पातळ वर्ख कुटून, त्याचा लेप करून ब्रशनं नक्षी काढतात. ती रुपेरीच असते. मग अकीकाच्या दगडानं घोटायची आणि वर लाखेचा थर द्यायचा. त्या लाखेच्या पिवळेपणातून रुपेरी नक्षी सोन्यासारखी दिसते. मी लाख पुसून टाकली, म्हणून आतलं कथील उघडं पडलं. पन्नासेक किलोमीटरवर संखेडा, एवढी वर्षं घरात खुर्च्या, आणि हे मला खुर्ची बिघडवल्यावर कळलं!

तुम्ही रागावला नाहीत. उलट गज्जरांची गोष्ट सांगितलीत. तुमचे वडील बडोद्याच्या कलाभवनात, हुन्नर शिकवणाऱ्या संस्थेत, शिकलेले, म्हणून ती तुमच्या घरात चालत आलेली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, फाळके तिथे शिकले, एवढं आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण त्याचे पहिले मुख्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनवाले, आणि मुंबईत चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं ते डाग शेवटी त्यांनी काढले, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. "डाग काढणाऱ्यानं आधी दगड ओळखला असणार," तुम्ही म्हणालात. "तू लाकूड ओळखलंस, लाख ओळखलीस, पण खाली काय आहे ते विचारलं नाहीस." मग खुर्चीचा तो पाय भिंतीकडे वळवून ठेवलात. "कोण बघतंय? तूच बघशील." काका, मी बघते. रोज केर काढताना बघते.

त्यानंतर मी काही उचललं की घरात सगळेच ओरडायला लागले, "वर काय लावलंय?" चिरंजीव तर पोळीवरच्या तुपाबद्दलही विचारायचे.

पत्र्याच्या हिरव्या ट्रंकेचं मात्र गमतीवर नेलं नाहीत. मी कोरडा पॉलिश पेपर घेऊन गॅलरीत बसले होते, शेजारी चिरंजीव होते. आधी मुलाला आत पाठवायला लावलंत, मग पेपर माझ्या हातातून काढून घेतलात. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं, कोरडं घासलं की धूळ होऊन पोटात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. मी नंतर शोधलं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, आणि लागू झाली १ नोव्हेंबर २०१७पासून. म्हणजे आपल्या घरांतलं रंगवलेलं जवळजवळ सगळंच त्याच्या आधीचं. आम्ही वॉटर पेपर पाण्यात बुडवून, तोंडाला मास्क लावून घासलं, तेही फक्त पोपडे सुटले होते तिथे. घासून निघालेला रंगाचा चिखल सुकायच्या आत ओल्या फडक्यानं पुसला आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकलं. मग प्रायमर, मग रंग. ट्रंक आता दिवाणखान्यात आहे, वर गादी टाकून बसायला, आत पांघरुणं. पुण्याहून आणलेला सेंटर टेबल मात्र गेला. तो भुश्शाच्या बोर्डाचा, पाणी लागून फुगलेला. तुम्ही नखानं कड उचकटून पाहिलीत आणि म्हणालात, "ह्याला काही विचारू नको."

सासऱ्यांच्या वेताच्या खुर्चीचं किती सोपं होतं! बैठक झोळीसारखी लोंबली होती, मी विणणारा शोधत होते. तुम्ही खुर्ची उलटी करायला लावलीत, खालून कढत पाण्याचं फडकं दाबून वेत चिंब भिजवलात आणि रात्रभर कुणी बसायचं नाही म्हणालात. सकाळी सुकून ताठ. वेत तुटलेला नसला तरच हे जमतं, नुसता सैल पडलेला असला तर.

आणि स्टूल. पायाचं कुसू खाचेत खिळखिळं झालेलं. जुना डिंक खरवडून फेविकॉल भरलं, पण आवळायला शिकंजा नव्हता. तुम्ही माझ्याकडे परकराची नाडी मागितलीत, ती चारही पायांभोवती गुंडाळलीत आणि मध्ये लाटणं खुपसून पीळ दिलात. चोवीस तास हात लावायचा नाही. त्या रात्री आमच्याकडे खिचडी.

एका बाबतीत आपलं कधीच जमलं नाही. शाळेतून दर महिन्याला टाकाऊतून टिकाऊ काहीतरी करून आणायला सांगतात. मी बाटल्यांना सुतळी गुंडाळायचे, जुन्या सीडींचं तोरण करायचे. तुम्ही बघून म्हणायचात, "कचराच आहे, फक्त भिंतीवर चढलाय." तेव्हा मला लागायचं. आता बरंचसं पटतं. सगळं नाही. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून मी गच्चीवर जी मिरची, कढीपत्ता लावलाय, त्याला तुम्ही नाकं मुरडलीत आणि कढीपत्ता मात्र दर दोन दिवसांनी नेलात.

हे सगळं तुम्ही मला दिलंत, आणि मागितलंत एकदाच. मागच्या मार्गशीर्षात काकूंच्या सुती साड्यांचं गाठोडं घेऊन वर आलात. दारातच उभे राहिलात. म्हणालात, "गोधडी येते ना तुला? मला नाही येत." साड्या धुऊन मऊ झालेल्या, एक इरकली, बाकी साध्या वापरातल्या. तुम्हाला कुठलीही कापायची नव्हती. म्हणून मी आख्ख्याच घड्या घालून थर लावले, इरकलीचा काठ कडेला येईल असे, आणि फरशीवर अंथरून चारही कडांनी आत आत येत धावदोरा घातला. तीन आठवडे लागले. तुम्ही रोज दुपारी येऊन सुई ओवून द्यायचात. चष्मा लावूनही ती तुम्हाला पहिल्या खेपेला ओवता यायची नाही, पण मी हात पुढे केला की "थांब" म्हणायचात. मी थांबायचे. उतरायणाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात, तेव्हा गाडीत सामानाच्या बॅगेत न ठेवता ती मांडीवर घेऊन बसला होतात.

तुमचा रंधा आणि दोन पटाश्या माझ्याकडे आहेत. धार गेलीय. लावायला मी कुणाला दिलेली नाही.

आता एक अडचण. मागच्या खोलीतल्या खिडकीची दारं पावसानं फुगलीत. तिथे एक तपकिरी, काचेसारखा थर आहे. स्पिरिट लावलं, बोट चिकटलं नाही. थिनरचाही थेंब टाकून पाहिला, ढिम्म हललं नाही. ऑइलपेंट वाटत नाही, लाकडाच्या रेषा दिसतात. दिवाळीआधी काही करायचं नाही, तेवढं शिकलेय. उजेडात काढलेले फोटो लेकीच्या नंबरवर पाठवते. बघून सांगा, वर काय लावलंय?

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई