ओपन गाडी आहे म्हणून धूर आत येत नाही, असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे गेली बरीच वर्षं इंग्लंडात कोव्हेंट्रीजवळ राहतो आणि तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचतो. गेल्या रविवारच्या पुरवणीत इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः बांधलेल्या स्पोर्ट्स कारवर लेख होता, वाचून खूप बरं वाटलं, चासी स्वतः वेल्ड केली, सस्पेन्शनचं गणित स्वतः मांडलं, हे खायचं काम नाही. पण त्यात मधेच एक वाक्य होतं की जास्त वेळ चालवली की सायलेन्सरचा वास येतो, डोकं जड होतं, पण गाडी ओपनच असल्यामुळे टेन्शन नाही. ते वाचलं आणि राहवलं नाही.

टेन्शन आहे, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. ओपन गाडी आहे म्हणूनच जास्त आहे, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये.

इकडे घरी गाडी बांधायची हौस जुनी आहे. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीची सेव्हन नावाची छोटी ओपन स्पोर्ट्स कार १९५७ मध्ये आली, ती लोक किट म्हणून घ्यायचे कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांवर नव्हता. १९७३ ला व्हॅट आला, तो फायदा गेला, त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले, पण हौस काही गेली नाही. आजही लोक गॅरेजात त्याच ढंगाची गाडी बांधतात, चौकोनी पाइपची चासी, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन, मग आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास करायची आणि नंबर घ्यायचा. माझे शेजारी रिटायर्ड फिटर आहेत, आम्ही दोघांनी मिळून अशीच एक बांधली, जुनं फोर्डचं चार सिलिंडर इंजिन, दोन कार्बोरेटर. आणि तिच्यातही नेमका हाच प्रॉब्लेम आला, हायवेला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत घशात जळका वास आणि उतरल्यावर कपाळ ठणकणार.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं की इंजिन पुढे आहे म्हणजे धूर पुढूनच येत असणार. तसं बऱ्याचदा नसतं. गाडी पळायला लागली की विंडस्क्रीनवरून हवा वर उडते आणि तिच्या मागे, म्हणजे बरोब्बर तुम्ही बसता तिथे, दाब कमी होतो. गाडीच्या ढुंगणामागेही तसंच, सपाट मागची बाजू असली की तिथे हवा गोल फिरत राहते, आणि सायलेन्सरचं तोंड त्या फिरत्या हवेत असलं की धूर मागे जाण्याऐवजी डिकीवरून पुढे येतो आणि सीटच्या मागून आत उतरतो. एसटीची मागची काच आठवा, कच्च्या रस्त्यावर पुढची काच त्यामानाने बरी असते आणि मागच्या काचेवर धुळीचा थर, कारण एसटी ती धूळ स्वतःच स्वतःच्या पाठीवर ओढून घेते. इथे धुळीच्या जागी धूर असतो एवढंच.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि खर्च काहीच नाही. लोकरीचे बोटभर धागे कापायचे आणि चिकटपट्टीने गाडीभर लावायचे, बॉनेटवर, दारावर, डिकीच्या कडेला, सीटच्या मागच्या पत्र्यावर, आणि शेजारी बसलेल्याने मोबाईलवर शूटिंग करायचं. आमच्या गाडीत ताशी ८० च्या आसपास बॉनेटवरचे धागे मागे झोपलेले, जसे असायला पाहिजेत तसे, पण सीटमागच्या पत्र्यावरचे धागे उलटे, पुढे तोंड करून ड्रायव्हरच्या मानेकडे ताठ उभे, एकही मागे जाईना. तो व्हिडिओ बघितल्यावर फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि सीटच्या मधला पत्रा, त्यातली भोकं हेच कारण ही चर्चाच संपली.

म्हणजे पुढची भोकं सोडून द्यायची असं नाही हां. क्रम मात्र नीट पाहिजे. आधी सायलेन्सरची लाइनच कुठे लीक नाही ना ते बघायचं, इंजिन थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू टेलपाइपला चिंधी गुंडाळून बसवायची आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या पाइपच्या) पॅकिंगवर, फ्लँजवर (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीवर), सरकत्या जॉइंटवर, सगळ्या वेल्डवर साबणाचं पाणी फवारायचं, जिथे फेस येतो तिथे लीक. आमच्याकडे मॅनिफोल्डच्या खालच्या फ्लँजला बुडबुडे आले, वरून बघून कधीच दिसलं नसतं.

ज्या गाडीत लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आहे तिथे हे लीक आणखी वाईट, कारण सायलेन्सरमधला दाब धडधडत असतो, एका क्षणाला धूर बाहेर फेकतो आणि पुढच्या क्षणाला बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरच्या आधी अशी हवा आत आली की सेन्सरला वाटतं मिक्श्चर लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, आणि कार्बन मोनॉक्साईड वाढतो. छोटं भोक आणि गाडी स्वतःहून जास्त विषारी होते. कॉलेजच्या बऱ्याच गाड्यांत हल्ली बाइकचं इंजेक्शनवालं इंजिन असतं, त्यांनी हे नक्की तपासावं.

मग भोकं. रात्री गॅरेजचा लाइट बंद करायचा, एकाने गाडीच्या खाली आणि डिकीत टॉर्च मारायचा, दुसऱ्याने सीटवर बसून बघायचं. आमच्या गाडीत पेट्रोलच्या नळीभोवती, सीट बेल्टच्या बोल्टपाशी, मागच्या लाइटच्या वायरिंगच्या भोकातून आणि गिअर लिव्हरच्या रबराखालून असा उजेड आला की बघतच राहिलो. वायरिंगच्या भोकाला ग्रोमेट (रबरी कडं), पत्र्याच्या सांध्यांना पीयू सीलंट, गरम जागी हाय टेम्परेचर सिलिकॉन, आणि डिकी व सीटच्या मधला पत्रा पूर्ण बंद. भोक बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी जुलै २०१७ मध्ये जवळपास ४०० फोर्ड एक्सप्लोरर गाड्या एकदम रस्त्यावरून काढल्या, अधिकारी कार्बन मोनॉक्साईडने आजारी पडत होते म्हणून. तिथल्या सरकारी खात्याची चौकशी जानेवारी २०२३ ला संपली तेव्हा पोलिसांच्या गाड्यांबाबत बोट दाखवलं गेलं ते दिवे आणि बाकीचं सामान बसवताना पाडलेल्या आणि नीट न बुजवलेल्या भोकांकडे. कारखान्यात बांधलेल्या गाडीची ही गत, तर आपण घरी ड्रिल मारून किती भोकं पाडतो ते मोजा.

पण खरा फरक पडला टेलपाइपने. आमचा पाइप डिकीच्या खाली मागच्या पत्र्याच्या आतच संपत होता, दिसायला छान, कामाला वाईट. तो मागे वाढवला, पत्र्याच्या बाहेर चांगला चार बोटं काढला आणि शेवटी ४५ अंशात बाजूला वळवला, म्हणजे धूर त्या गोल फिरणाऱ्या हवेत न सुटता बाजूने वाहणाऱ्या स्वच्छ प्रवाहात सुटतो. सीटमागचे धागे अजूनही पुढेच तोंड करून असतात, हवा तशीच येते, फक्त आता त्या हवेत धूर नसतो. याशिवाय गाडीच्या नाकाडापासून आपल्या पायापर्यंत एक डक्ट, म्हणजे हवेची नळी, टाकला ताज्या हवेसाठी, आत पुढून हवा भरत राहिली की मागून ओढ कमी होते. कार्बोरेटरही नीट ट्यून करून घेतले.

हे सगळं बरोबर झालं की नाही हे नाकाने ठरवू नका, माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. आणि नाकाला थोड्या वेळाने सवय होते. आकडे बघा, आपल्याकडे जुन्या पेट्रोल गाडीला पीयूसीत ३ टक्के कार्बन मोनॉक्साईड चालतो, म्हणजे ३०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ३०,००० भाग). त्याचा हजारावा भाग जरी तुमच्या श्वासाच्या हवेत मिसळला तरी ३० पीपीएम, आणि इकडे ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी ८ तासांची मर्यादा २० पीपीएम आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि साध्या हवेत त्यातला निम्मा उतरायला चार-पाच तास जातात. म्हणजे सकाळी टेस्टिंग, दुपारी टेस्टिंग, संध्याकाळी परत टेस्टिंग असं केलं की सकाळचा दुपारच्यात जमा होत जातो. अमेरिकेतल्या नॅस्कार कार रेसिंगचा ड्रायव्हर रिक मास्ट याला २००२ च्या सीझनमध्ये आजारी पडून शेवटी रेसिंगच सोडावं लागलं, कारण वर्षानुवर्षं गाडीत थोडा थोडा करून शरीरात गेलेला कार्बन मोनॉक्साईड.

आणि एक गोष्ट प्लीज ठळक छापा. कोविडपासून आपल्याकडे घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून कुणी ते लावून बघेल आणि ९८ आलं म्हणून निर्धास्त होईल. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, तो दोन्हीला चांगलंच म्हणतो. अशा वेळी गाडी बंद करून मोकळ्या हवेत जायचं, त्रास जास्त असेल तर थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की सायलेन्सरचा धूर लागलाय, रक्ताची तपासणी त्यासाठी वेगळी असते.

गाडीत मोजायला आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साईड मीटर घ्या. घरात लावायचा अलार्म इथे पुरत नाही, युरोपियन स्टँडर्डप्रमाणे तो ५० पीपीएमला निदान तासभर वाजतच नाही, घरासाठी ते ठीक आहे, ट्रॅकवर नाही. मीटर ड्रायव्हरच्या छातीच्या उंचीला बांधायचा आणि सगळ्या तऱ्हेने चालवून बघायचं, सिग्नलला उभं असल्यासारखं आयडलिंगला, मागून वारा असताना, एकसारख्या स्पीडला, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतारावर. छत आणि बाजूचे पडदे लावून परत एकदा, कारण पडदे लावले की कधीकधी आधीपेक्षा जास्त ओढतं.

हे फक्त रेसिंगवाल्यांचं नाही. आपल्याकडे कितीतरी ओपन जीपचा सायलेन्सर कापून सीटच्या खालीच सोडलेला असतो, आवाज मस्त येतो म्हणून. फ्रिज किंवा पाइप न्यायचे म्हणून डिकी अर्धी उघडी दोरीने बांधून लोक मुंबई-पुणे करतात, मागे पोरं बसलेली. त्या उघड्या डिकीतून सरळ धूर आत येतो. डिकी बंद होत नसेल तर टेम्पो करावा, आणि नाईलाजच असेल तर पुढून ताजी हवा आत घेणारा ब्लोअर फुल्ल ठेवून, पोरांना दुसऱ्या गाडीतून पाठवावं.

कॉलेजांना माझी एक मागणी आहे. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या रेसिंग कार स्पर्धेच्या रूलबुकात लिहिलंय की एक्झॉस्ट असा काढायचा की कुठल्याही स्पीडला ड्रायव्हरला धूर लागता कामा नये. ब्रेक टेस्ट, नॉइज टेस्ट यांची पोरं महिनाभर तयारी करतात, आणि ही ओळ मात्र वाचून पुढे जातात. गाईड असलेल्या सरांनी गाडी ट्रॅकवर सोडायच्या आधी मीटरचा आकडा वहीत लिहून सही करावी, नसेल तर गाडी सोडू नये. एका टायरच्या पैशात मीटर येतो.

लेखातल्या त्या टीमपर्यंत हे पत्र पोचवाल का? माझा ईमेल तुमच्याकडे आहे, तो त्यांना खुशाल द्या. गाडीचा मागून काढलेला एक फोटो, टेलपाइपचं तोंड स्पष्ट दिसेल असा, आणि एक बाजूने काढलेला, एवढं पाठवलं तरी पाइप किती वाढवायचा आणि कुठे वळवायचा ते बसून सांगतो. आणि तोवर ती गाडी चालवणाऱ्या पोराला म्हणावं गाडी चालवू नकोस.

आपला,
एक वाचक
कोव्हेंट्री, इंग्लंड