कव्हराची साखळी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, ती उद्या सुटेल. ताई लिहू नको म्हणते, पण मला चैन पडेना. एका डोळ्यानं लिहिते आहे, ओळी वाकड्या जातील, सांभाळून घे.

निघायच्या सकाळी मी गड्यांसमोर बोलायला नको होतं. "आता शेत मी बघतो ना?" म्हणून तू पाठ फिरवलीस, ते लागलं मला, पण चूक माझीच. ट्रॅक्टरमागे यंत्र फिरवणाऱ्या त्या शाफ्टच्या कव्हराविषयी आता एक शब्द काढायचा नाही, हे मी गाडीत बसतानाच ठरवलं.

गाईचं कळव. २७० दिवस होऊन गेले, म्हणजे आता कधीही. कास भरली का? शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडले की रात्र जागायची. वासराच्या पोटात दोन तासांच्या आत चीक जाऊ दे. रोगाशी झगडायचं बळ त्याला चिकातूनच मिळतं, आणि एक दिवस उलटला की त्याचं आतडं ते घेईनासं होतं. पण हे मी कुणाला शिकवते आहे? नऊ वर्षांचा होतास, तेव्हा कपिलीला बाटलीनं पाजून तूच तर जगवलंस.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. पेरणीआधी तू १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होतेस ना, आणि सहाव्या दिवशी ८७ उगवलेले मोजलेस. तू झोपल्यावर मी बॅटरी घेऊन ते पुन्हा मोजले. ८७च होते. एकेक कोंब पांढरा, नखाएवढा. आजोबांनी सगळी हयात अंदाजानं पेरलं, तू उगवण बघून बियाणं धरलंस. मला त्या रात्री फार बरं वाटलं. वाफसा मात्र तू त्यांच्याच हाताखाली शिकलास. मुठीत मातीचा गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा; फुटला तर औत धर, नाही तर घरी जा. तुझी मूठ एवढीशी होती, गोळा लिंबाएवढा व्हायचा.

बाळा, मळणीचा तो दिवस मला विसरता येत नाही. तू पोटात होतास. काका चालू शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जात होते. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. मी पेंढी उचलून वर पाहिलं, तोंडातून हाक निघेपर्यंत त्यांच्या अंगावर सदरा नव्हता. विरलेला होता म्हणून टरकन फाटला. गळ्यात नुसती कॉलर राहिली आणि काखेपासून बरगडीपर्यंत लाल पट्टा उमटला. सदरा नवा असता तर सदऱ्याबरोबर हात गेला असता. आजींनी ती कॉलर टाकू दिली नाही, अजून ट्रंकेत आहे. आणि तू पहाटे जो जाड कोट घालून ट्रॅक्टर काढतोस, त्याची दोरी खाली लोंबते. मी दोनदा कापली, दोनदा तू नवी ओवलीस.

बघ, बोलणार नव्हते.

कव्हर असलं की वंगण द्यायला त्रास होतो, हे तुझं खरं आहे. पण वंगण देताना इंजिन बंद कर, किल्ली खिशात घाल, शाफ्ट पुरता थांबू दे. मग कव्हर सरकव आणि काम झालं की लगेच परत बसव. पाच मिनिटं जातात. पुन्हा लागले शिकवायला. रागावू नकोस. तू शहाणा आहेस. काकाही शहाणेच होते रे, त्या दिवशी दमले होते एवढंच. आणि त्यांच्याजवळ आम्ही सात माणसं होतो. तू वरच्या वावरात एकटा असतोस, तिथून मारलेली हाक घरापर्यंत येत नाही. मी कितीदा ओट्यावर उभी राहून पाहिलं आहे, ट्रॅक्टरचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. आवाज एकाच जागी राहिला की माझे पाय गळतात.

बांधाचं काम पाऊस धरायच्या आत उरक. मागच्या वेळी ओढ्याला गेलेलं पाणी चहासारखं लाल होतं, ती आपलीच माती.

कव्हर गोठ्याच्या भिंतीशी पडलं आहे. ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून जी साखळी अडकवायची, ती मी उचलून कणगीमागच्या खिळ्याला टांगली आहे. बसवलंस की ताईच्या मोबाइलवर फोटो पाठव. उद्या पट्टी सुटली की पहिलं तेच बघेन.

तुझी,
आई