त्या कन्नड सिस्टरांचे आभार

घसादुखी बरी झाली आणि थोड्याच दिवसांत आमची आठ वर्षांची लेक ओळखू येईना. सारखे हात धुणं, डोळे मिचकावणं, खायला घाबरणं. अक्षरसुद्धा बिघडलं. एका ठिकाणी तर ‘लाड कमी करा’ एवढंच ऐकायला मिळालं.

खानापूरहून बेळगावला नेलं. दवाखान्यात ती बाकाला हात लावेना, आकडे मोजत रडत राहिली. तिथल्या सिस्टरांनी तिला ओढलं नाही. सरळ तिच्यासमोर फरशीवर बसल्या. “तुझं मोजून होऊ दे, मी हाय इथंच.” ती चुकली की पहिल्यापासून मोजायची, त्या उठल्या नाहीत. मग मला विचारलं, “अक्का, ह्याच्या आधी घसा दुखला होता काय?” आणि ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं.

स्ट्रेप्टोकॉकस या घसा दुखवणाऱ्या जिवाणूच्या संसर्गानंतर काही मुलांत प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते, असं मानतात. या आजाराला ‘पँडास’ हे नाव १९९८ पासून आहे, पण आम्हाला कोण सांगणार?

उपचार चालू आहेत. सर्दी झाली की अजून धास्ती वाटते, पण ती शाळेत जाते, भाकरी खाते.

सिस्टर, तुमचे उपकार विसरणार नाही. आणि रांगेतला स्वतःचा नंबर आम्हाला देणाऱ्या चिकोडीकडच्या मावशींचेही मनापासून आभार.