कीबोर्ड बदलू नकोस

हॅम्बुर्ग, 12 जुलै

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

स्क्रीनवर अक्षरं वेडीवाकडी उमटतात म्हणून शेट नवा कीबोर्ड आण म्हणत असतील, पण तेवढ्यासाठी निघू नकोस. त्याच कीबोर्डवर बिलं नीट टाइप होतायत ना? मग तो ठणठणीत आहे. तू दुकानातून फोनलाइनवर मोडेमने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यातल्या, यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला डायल करतोस, तेव्हा मध्ये मिनिकॉम असतो, म्हणजे तुझी अक्षरं तिकडे पाठवणारा आणि तिकडची दाखवणारा प्रोग्राम. घोळ आहे तो त्याच्या सेटिंगमध्ये.

बॅकस्पेस दाबलं की अक्षर पुसायच्या ऐवजी ^H उमटतं म्हणालास. बॅकस्पेससाठी कुणी 8 नंबरचा कोड पाठवतं, कुणी 127. तुझ्याकडून 8 जातोय आणि तिकडचा 127 ची वाट बघतोय. कंट्रोल-ए दाबून सोड, मग टी दाब. मेनूत बी समोर बॅकस्पेसचं आहे, तिथे डीईएल, म्हणजे 127, कर.

एकेक अक्षर दोनदा येतं त्याचं कारण वेगळं. पलीकडचा तुझं अक्षर परत पाठवतोच, वर मिनिकॉम स्वतःही छापतोय. पासवर्ड टाकताना तो स्क्रीनवर दिसत असेल तर नक्की हेच. कंट्रोल-ए, मग ई. आणि हे आधी कर, दुकानात मागे माणसं उभी असतात.

स्क्रीन मधेच गोठते ते बहुतेक तुझ्या सवयीमुळे. वर्डमध्ये सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबतोस, इथे त्याचा अर्थ 'थांब' असा होतो. कंट्रोल-क्यू दाबलंस की गाडी पुढे सरकेल. उगाच लाइन कापून परत डायल करत बसू नकोस.

हात कीबोर्डवर नसतानाही कंस नि तिरप्या रेघा उमटल्या, तर ती पावसात भिजलेल्या लाइनची खरखर. तिथे लाइनमनच हवा, आणि तो या दिवसांत कधी उगवेल ते देवालाच ठाऊक.

बाकी काही अडलं तर कंट्रोल-ए, मग झेड, सगळी यादी येते. (इथल्या जर्मन कीबोर्डवर वाय नि झेड यांची जागा अदलाबदल केलेली, माझी बोटं अजून अडखळतात.)

31 जुलैला मासेमारीबंदी संपते. 1 ऑगस्टला बोटी सुटल्या की बर्फासाठी रांग लागेल, तेव्हा ही खटपट आत्ताच उरकून घे. टी च्या मेनूचा फोटो पाठव, बी समोर काय लिहिलंय ते मला दिसू दे.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई