एकाच बालदीत सगळ्यांचे हात

महोदय,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी १९ वर्षे अंगणवाडीत काम करते. यंदा जुलैत एका मुलीच्या तळहातांवर आणि ओठांभोवती फोड उठले. चार-पाच दिवसांत आणखी चौघांना तेच. डॉक्टर म्हणाले, 'हँड, फूट अँड माउथ', म्हणजे हात, पाय, तोंडाला फोड आणणारा विषाणूचा आजार. झाले! गुरांची लाळ्या-खुरकूत, इंग्रजीत 'फूट अँड माउथ', तीच पोरांना लागली, अशी वाड्यावर आवई उठली. एका आजोबांनी तर नातवाला गोठ्याकडे फिरकू दिले नाही. गुरांचा बिचाऱ्यांचा काही संबंध नाही, तो विषाणूच वेगळा.

संबंध होता माझ्या बालदीचा. जेवणाआधी सगळ्यांचे हात मी एकाच बालदीत बुचकळायचे, खिळ्यावरच्या एकाच टॉवेलला पुसायचे. वर करोनापासूनची सॅनिटायझरची बाटली होतीच, त्यामुळे मन निर्धास्त. पण या विषाणूवर सॅनिटायझर साबण-पाण्याइतके चालत नाही. लाळ, शेंबूड, फोडातले पाणी यांतून तो पसरतो. फोड सुकून मूल खेळू लागले तरी शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे मुलाला धुणाऱ्या आईने, आजीने आपले हात साबणाने धुवायचे, ते मूल बरे झाल्यावरही. आपल्याकडे यावर लस नाही. गोवराची लस इथे उपयोगाची नाही.

बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत बरी होतात. तोंड आल्यामुळे पाणीसुद्धा नको म्हणतात. तेव्हा गार पेज, शहाळ्याचे पाणी घोटघोट द्यावे. सोलकढी झोंबते, हे आमच्या पोरांनी रडून सांगितले. लघवी कमी झाली, मूल मलूल पडले तर मात्र न थांबता डॉक्टरांकडे न्यावे.

ताप आणि ओले फोड असेपर्यंत मूल घरी ठेवा, असे मी सांगते. एका आईने फोडांवर पावडर थापून मुलाला आणून सोडले. तिला काय बोलणार? ती कंपनीत रोजंदारीवर, खाडा झाला की पैसे कापतात. आजारी मुलासाठी दोन-चार दिवसांची भरपगारी रजा मिळाली, तर पावडर लागणार नाही.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईल, मूळ घरी सगळी चुलत-आते भावंडे एकत्र लोळतील. आमचा नळ अजून अंगणाच्या टोकाला, पोरांच्या डोक्यावर आहे. त्यांच्या उंचीचा एक नळ आणि साबणाचे पैसे चवथीआधी मिळावेत. तोवर मी तांब्याने ओततेय, एकेकाच्या हातावर.

– एक अंगणवाडी सेविका, सत्तरी