शेवटच्या गाण्यानंतरची कोरी पट्टी

एडिसन, न्यू जर्सी
दि. १२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आप्पाकाकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, ज्या संगीताचा आपल्या घराशी काही संबंध नाही, त्याच्या साठ-साठ वर्षे जुन्या तबकड्या मी पैसे मोजून का जमवतो. त्याच फोनवर सुमेधने सांगितले की, माडीवरची तुमची रेकॉर्डांची ट्रंक दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला द्यावी असे घरात घाटत आहे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. या दोन्ही गोष्टींवर मला जे म्हणायचे आहे ते एकच आहे आणि ते फोनवर मांडता येण्याजोगे नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही राहतो त्या गावातच, मेन्लो पार्क भागात, थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. १९५४ मध्ये गावाला त्याचेच नाव दिले गेले. पण मला या छंदात ओढले ते 'ब्लू नोट' या जॅझ कंपनीने. आल्फ्रेड लायन या बर्लिनहून आलेल्या निर्वासिताने ती १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढली आणि त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ लवकरच तिथे येऊन मिळाला. वेष्टनांवरची कृष्णधवल छायाचित्रे बहुतेक त्याचीच. ध्वनिमुद्रण करीत असे रूडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून देई आणि हॅकेनसॅक गावातल्या आई-वडिलांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, वादकांना बसवून ध्वनिमुद्रण करी. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्स येथे उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला, तेव्हा कुठे चष्म्याचे काम सोडले. तबकड्या छापल्या जात त्या नॉर्थ प्लेनफिल्डच्या प्लॅस्टिलाइट कारखान्यात. तो कारखाना आता नाही, पण ते गाव आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी, गुळगुळीत पट्टी उरते, तिच्याकडे आपण कधी पाहत नाही. जमवणारे लोक आधी तीच पाहतात. दिव्याखाली तबकडी तिरपी धरली की तिथे कोरलेली अक्षरे चमकतात. एक असतो तबकडीचा क्रमांक. दुसरा असतो व्हॅन गेल्डरच्या नावाचा ठसा, म्हणजे ध्वनिफितीवरून मूळ साचा त्याने स्वतःच्या हाताने कापला आहे. तिसरी खूण अगदी लहान, वळणदार इंग्रजी 'पी'सारखी; ती माणसाच्या कानासारखी दिसते म्हणून सगळे तिला 'कान' म्हणतात. ती प्लॅस्टिलाइटची खूण. पुढे ब्लू नोट 'लिबर्टी' कंपनीने विकत घेतली आणि १९६६ मध्ये छपाई दुसरीकडे गेली. साचे मात्र तेच राहिले. त्यामुळे नंतरच्या तबकड्यांवर व्हॅन गेल्डरचे नाव दिसते, पण कान नसतो. वेष्टन तेच आणि गाणीही तीच असली, तरी कोणत्या काळात आणि कोणत्या कारखान्यात ती तबकडी छापली गेली, हे त्या बोटभर जागेवरून ओळखता येते.

हे शिकण्याची किंमत मी मोजली आहे. पहिल्याच वर्षी ट्रंपेटवादक ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' मी एका विक्रेत्याकडून टपालाने मागवली. कान होता, ठसा होता, तबकडी आरशासारखी चकाकत होती. सुई ठेवली तेव्हा सुरुवातीला सर्व ठीक वाटले. पण ट्रंपेट वरच्या पट्टीत जोराने वाजू लागला की तो सूर कापड फाटावे तसा फाटत होता. ही रेकॉर्ड त्या काळी फार खपली आणि घरोघरी जड दांड्याच्या, बोथट सुईच्या यंत्रांवर वाजली. अशा सुईने खाचेच्या भिंती झिजतात आणि ती झीज डोळ्यांना दिसत नाही. वरचे ओरखडे एखाद-दुसऱ्या टिकटिकीवर भागतात, परंतु झिजलेली खाच काही केल्या परत येत नाही. तेव्हापासून शक्य असेल तिथे मी वाजवून पाहिल्याशिवाय घेत नाही.

मनासारखी मिळाली ती पियानोवादक होरेस सिल्व्हरची 'साँग फॉर माय फादर', प्रिन्स्टनच्या ट्यूलेन स्ट्रीटवरच्या रेकॉर्ड एक्स्चेंज या दुकानात, नव्वद डॉलरला. सिल्व्हरचे वडील केप व्हर्दे बेटांवरचे. ती बेटे गोव्यासारखीच पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. वेष्टनावर छायाचित्र वादकाचे नाही, त्याच्या वडिलांचे आहे: डोक्यावर हॅट, सोबत सिगार, आणि मुलाच्या कामाकडे समाधानाने पाहणारा चेहरा. पियानोच्या डाव्या हाताचे ते दोन सुरांचे ठाय पाऊल सुरू झाले की मला आपल्या ओसरीवरचा झोपाळा आठवतो. घरी आल्यावर दिव्याखाली पाहिले, तर कान होता. त्या संध्याकाळी मी ती बाजू तीनदा ऐकली.

सगळे मूळ छापच हवेत असा माझा हट्ट नाही. काहींची किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते आणि तो पैसा मुलांच्या शिक्षणाचा आहे. ब्लू नोटने २०१९ पासून मूळ फितींवरून नव्याने काढलेल्या तबकड्या उत्तम आहेत; माझ्या कपाटातील निम्म्याहून अधिक त्याच आहेत.

राहिला आपल्या घराशी संबंध. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी तीन-साडेतीन मिनिटांत का संपते, हे मी लहानपणी तुम्हाला विचारले होते आणि तबकडीत तेवढीच जागा असते, असे तुम्ही सांगितले होते. जॅझवाल्यांचीही तीच अडचण होती. १९४८ मध्ये एल.पी., म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली आणि वादकांना सावकाश विस्तार करता येऊ लागला. तुमच्या ट्रंकेत 'अलबेला' चित्रपटाच्या रेकॉर्ड आहेत, हे मला पक्के आठवते. संगीतकार सी. रामचंद्रांचा त्यातील साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातील हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत आणि ताजमहाल हॉटेलात तो आपल्या बँडसह जॅझ वाजवीत असे. म्हणजे जे मी इथे शोधत फिरतो, ते १९५१ पासून तुमच्या माडीवर आहे.

तेव्हा ट्रंक देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. सुमेधला सांगून तबकड्या आडव्या रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात. पत्र्याखाली ऊन लागते तिथून त्या खाली आणाव्यात. जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या आहेत, त्यांना स्पिरिट अजिबात लावू नये, लाख विरघळते. मऊ, कोरड्या ब्रशने खाचेच्या दिशेनेच धूळ काढावी. भिंगातून लेबलाजवळची पट्टी पाहून तिथे काय कोरले आहे, ते जमेल तसे एका वहीत उतरवून ठेवावे. डिसेंबरात मी येणार आहे, सोबत नवी सुई आणीन.

काकूंस साष्टांग नमस्कार, सुमेधला व मुलांना आशीर्वाद.

आपला पुतण्या,
मिलिंद

ता. क. 'अलबेला'ची वेष्टने फाटली असली तरी टाकू नयेत.